वाईट तेवढं सांगा

साहेबांना चांगलं सांगितलेलं खपत नसे. कुणी म्हटलं, हितली हवा लई चांगली, की ते डोक्यावरची काळी टोपी सारखी करत आणि म्हणत, "ते मला दिसतंय. वाईट तेवढं सांगा."

मुंबईच्या एका सरकारी कचेरीत ते हेडक्लार्क होते. तीस वर्षं लोकांच्या तक्रारींचे अर्ज वाचायचं काम. पेन्शन चार वर्षांवर आली होती, आणि पेन्शनीत गेल्यावर डोंगरात कुठंतरी घर बांधून बायकोला घेऊन राहायचं, एवढं एक त्यांनी डोक्यात घेतलं होतं. त्यापायी सुट्टी काढून जागा बघत फिरायचे. महाबळेश्वर बघून झालं होतं. तिथं वाईट काय, तर जो भेटतो तो तब्येत सुधारायला आलेला. मला ते मालक म्हणायचे. सांगायचे, "सकाळी फिरायला निघालो, मालक, तर अकरा माणसं खोकत भेटली." लोणावळ्यात वाईट काय, तर आगगाडीची शिट्टी ऐकू येते, आणि शिट्टी ऐकली की पाय आपोआप कचेरीकडं वळतात. असं करत करत ते मुळशी खोऱ्यात, ताम्हिणीच्या अलीकडं आमच्या बावीस घरांच्या वाडीत येऊन पोचले. स्वातंत्र्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी तेव्हा पंचविशीतला.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचा सराव नाही. माझी बायको गेल्या भाद्रपदात वारली. तेव्हापासून घरात बसलं की हा माणूस आठवतो, म्हणून लिहायला घेतलं.

पहिल्यांदा ते दिसले ते फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात. वाडीतले सात-आठ जण त्यांच्याभोवती जमले होते. मुंबईचा माणूस घर बांधणार म्हणजे गवंडीकाम निघणार, माती वाहायला माणसं लागणार. त्यामुळं सगळ्यांच्या तोंडाला साखर. आमच्या वाडीतला वडीलधारा माणूस म्हणजे आप्पा. तो सांगत होता, "सायेब, आमचं पानी म्हंजी अमृत. शंभर वर्षांची म्हातारी माणसं हायेत हितं." शंभर वर्षांचं एकही माणूस नव्हतं. आप्पाच सगळ्यात म्हातारा, तो साठीचा.

मी दूध घालायला गेलो होतो. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही सांगा. इथं वाईट काय आहे?"

मी म्हटलं, "सगळंच वाईट हाय. चार महिने ऊन दिसत न्हाई. काड्यापेटी पेटत न्हाई. अंथरुणाला बुरशी येती. पोरगं आजारी पडलं तर पौडाच्या दवाखान्यात नेस्तोवर एकतर बरं व्हतं न्हाईतर मरतं."

आप्पानं खालून माझ्या पायावर पाय दिला. साहेबांनी खिशातून वही काढली, पेन्सिलीनं सगळं उतरून घेतलं, आणि विचारलं, "तुमच्या घरी उतरायची सोय होईल का?"

असे ते आमच्या घरी आले. माझ्या तोंडामुळं आयुष्यात माणसं तुटली तेवढी. जोडला गेला तो हा एकटा.

वर्षातून दोनदा-तीनदा यायचे. थंडीत एकदा, वैशाखात एकदा, आणि कडक पावसात एकदा. म्हणायचे, "लग्नाआधी मुलगी नटूनथटून दाखवतात. मला उठल्या उठल्या बघायची आहे." आले की पहिलं काम मिठाचं. पिशवीतून मिठाची डबी काढायची, एका वाटीत मूठभर मीठ घालून ती कोनाड्यात ठेवायची. सकाळी उठून बघायचं, किती ओलं झालं. पावसाळ्यात तर वाटीत नुसतं पाणी दिसायचं. ते पाणी ते बोटानं चाखायचे आणि वहीत लिहायचे. माझ्या म्हाताऱ्याला, म्हणजे बापाला, हे बघून धास्ती बसली. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "करनी-बिरनी न्हाई ना करत ह्यो?"

दुसरं, बसून बघायचं. जागा बघायला नेलं की माणसं उभ्यानं बघतात, चार पावलं टाकतात, डोंगराकडं बोट करतात. साहेब छत्री उघडून खाली मांडी घालायचे आणि तासभर बसायचे. बोलायचे नाहीत. गुरं राखणारी माणसं येता-जाता विचारायची, "उगवलं का काय सायेब?" साहेब मान हलवून म्हणायचे, "अजून नाही." आमची चांगली जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली. राहिलं होतं ते वरकस, नाचणी-वरीचं. त्यातला आंब्याखालचा एक तुकडा त्यांना बसायला बरा वाटला. तिथं ते चार वर्षांत कितीदा बसले असतील सांगता येत नाही. माझ्या म्हाताऱ्यानं तो तुकडा द्यायचं कबूल केलं होतं.

माझ्या बायकोला ते वहिनी म्हणायचे. तिलाही विचारलं, "वहिनी, वाईट सांगा."

ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सगळ्यात वाईट म्हंजी ह्ये आमचं मानूस. तोंड उघडलं की काटा. लिवा."

साहेबांनी खरंच लिहिलं. वर मला वाचून दाखवलं. ती दोघं हसली, आणि मी चहा न पिता गोठ्यात जाऊन बसलो.

पण ती दर खेपेला त्यांना एकच सांगायची. "मीठ बगा, पानी बगा, समदं बगा. पन बाईंना एकदा घेऊन या. ऱ्हायाचं त्येनला हाय."

साहेब म्हणायचे, "सगळं पक्कं झालं की आणतो. तिला अर्धवट दाखवायचं नाही. पसंतच पडलं पाहिजे."

"तुमी चार वर्सं बघनार आन् त्या एक दिस बघनार?"

यावर साहेब टोपी सारखी करायचे.

तिसऱ्या वर्षी आषाढात ते आले आणि अडकले. ओढा भरून वाहत होता, फाट्यावर जायची वाट बंद. त्याच आठवड्यात वरच्या घरातली म्हातारी गेली. आता बाहेरच्या माणसाला आमच्याकडची रीत माहीत नसते, म्हणून सांगतो. आमच्याकडं आषाढ-श्रावणात सरपण ओलं, गवऱ्या ओल्या. माणसाला मरण काही पाऊस बघून येत नाही. म्हणून उन्हाळ्यातच प्रत्येक घरानं एक ओंडका तोडून, वाळवून, चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायचा. खालून धूर लागतो, तो कोरडा राहतो. त्याला चुलीत घालायचं नाही, कितीही अडलं तरी. कुणाचं माणूस पावसात गेलं की बावीस घरांतून बावीस ओंडके खाली येतात. सांगायला कुणी जात नाही. रडणं ऐकू आलं की माणसं माळ्यावर चढतात.

मी आमचा ओंडका खाली घेतला. साहेब बघत उभे होते. मी त्यांना काय ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "ज्यांनी दिलं नाही, त्यांचं काय?"

मी म्हटलं, "असं कोन न्हाईच."

तर ते म्हणाले, "मी नाही का?"

बायको आत गेली आणि आमच्या गोठ्याच्या माळ्यावरचा एक जास्तीचा जांभळीचा तुकडा घेऊन आली. साहेबांनी आपली मेणकापडाची बरसाती अंगातून काढली, त्या लाकडाला गुंडाळली, आणि खांद्यावर घेऊन स्वतः भिजत मसणवटीपर्यंत आले. पंचावन्नला टेकलेला माणूस, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, चिखलात दोनदा बसकण मारली, पण लाकूड खाली टेकू दिलं नाही. चार मेढी रोवून वर गवताचं छप्पर केलं होतं, त्याखाली सरण रचलं. साहेबांनी आपलं लाकूड आपल्या हातानं ठेवलं. अर्धी बाटली रॉकेल लागलं, पण पेटलं.

परत येताना आप्पा त्यांच्या बरोबरीनं चालत होता. एरवी त्यांच्याशी गोड बोलणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याशी नीट बोलला. म्हणाला, "लाकूड दिलं न्हवं? झालं मग. आता तुमी वाडीचं."

साहेबांना वाटलं, बोलायची पद्धत आहे. आमच्याकडं ती पद्धत नव्हती, तो ठराव होता.

त्या संध्याकाळी त्यांनी वहीचं शेवटचं पान काढलं. पुढची सगळी वही तक्रारींची. मागच्या पानावर एकच ओळ लिहिली आणि मला वाचायला दिली. अक्षर मोत्यासारखं. "इथे माणूस मेला तर लाकूड मिळते. मागावे लागत नाही." चार वर्षांत त्यांनी आमच्या गावाचं लिहिलेलं चांगलं ते एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात लाकडं तोडायला निघालो, तेव्हा आप्पा म्हणाला, "सायबाचं एक तोडा." रीतच होती. दिलेल्याचं परत ठेवायला नको का? मी जांभळीचं तोडलं. तर बायको म्हणाली, "येकटा हाय का त्यो? बाईंचं बी ठेवा की. मागनं येळंला कुटं धावायचं?" म्हणून एक ऐनाचं तोडलं. ही गोष्ट तिनं माझ्यापाशी नंतर कधी कबूल केली नाही. सगळं माझ्यावर ढकललं. पण ऐनाचं लाकूड तिच्या सांगण्यावरून आलं, हे मी आज लिहून ठेवतो.

त्याच वैशाखात साहेब बाईंना घेऊन आले. पेन्शनीला दोन महिने उरले होते. फाट्यावर मी बैलगाडी घेऊन गेलो. बाई ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, हातात झाकणाची टोपली. टोपलीत आमच्या घरासाठी लाडू. गाडीत बसल्यापासून त्यांचं सुरू झालं, हे झाड कसलं, तो डोंगर कुठला, ही करवंदं खातात का. साहेब वाईट विचारायचे, बाई नुसतं चांगलं बघायच्या. दोघांचा संसार कसा झाला असेल याचं मला नवल वाटलं.

आमच्याकडं त्या एक रात्र राहिल्या. सकाळी म्हणाल्या, "किती वर्षांनी अशी झोप लागली." आंब्याखालची जागा बघितली. साहेब तिथं छत्री घेऊन बसणार, तर त्याआधीच बाई पदर खोचून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "स्वयंपाकघर इकडं हवं. म्हणजे भाकरी करताना धरणाचं पाणी दिसेल." साहेबांनी माझ्याकडं बघितलं. चार वर्षांत तेवढा खूश झालेला तो चेहरा मी बघितला नव्हता.

घरी आलो. बायको जेवायला वाढत होती. मी भरात होतो. बाई म्हणाल्या, "सगळं छान आहे हो. फक्त आता वय झालं, दोघांपैकी कुणाला काही झालं तर इथं आमचं कोण, एवढंच मनात येतं."

मला वाटलं, एवढंच ना? याचं उत्तर तर आपल्या डोक्यावर आहे. मी म्हटलं, "बाई, त्येची काळजीच नको. तुमची दोगांची लाकडं तयार हायेत. ही काय, माळ्यावर. सायबांचं जांभळीचं, तुमचं ऐनाचं. ऐन लई झकास जळतो."

बाईंनी वर बघितलं. "कसली लाकडं?"

बायकोनं मला डोळ्यानं खुणावलं. मी थांबलो नाही. उलट नीट समजावून सांगितलं. म्हटलं, हितं कुणाला मागावं लागत नाही, तुमचं माणूस गेलं तर बावीस घरं धावतील. आमच्या वाडीत याच्यापेक्षा मोठं बोलणं नाही. सोयऱ्यालासुद्धा आम्ही हे म्हणत नाही. मला वाटलं, बाईंच्या डोळ्यांत पाणी येईल.

बाई म्हणाल्या, "म्हणजे काल मी त्याच्याखाली झोपले होते?"

साहेब घाईनं म्हणाले, "अगं, उलट ही फार मोठी गोष्ट आहे. मी तुला सांगणारच होतो."

बाई त्यांच्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "तुम्हाला मी जगायला जागा बघायला पाठवलं होतं, का मरायला?"

ताटातला भात तसाच राहिला. मग बाईंनाच वाईट वाटलं असावं. माझ्या बायकोचा हात धरून म्हणाल्या, "तुमचं काही चुकलं नाही हो. तुम्ही मायेनंच केलंत. पण मला इथं नको." दुपारच्या एस.टी.नं दोघं गेली. फाट्यापर्यंत बैलगाडीत साहेब माझ्याशेजारी पुढं बसले होते. मी म्हटलं, "सायेब, चुकलं माझं." ते म्हणाले, "नाही मालक. मी चार वर्षं येत होतो. तिला चार दिवस आणायला हवं होतं."

घरी आल्यावर बायको मला काय काय बोलली ते लिहीत नाही.

साहेब पेन्शनीत गेले आणि मुंबईतल्या त्याच दोन खोल्यांत राहिले. पण नाद सोडला नाही. दर पावसाळ्याआधी एक कार्ड यायचं. एकदा लिहिलं होतं, "सौ.चे मन वळवणे चालू आहे. जागा कुणास देऊ नये." पुढच्या वर्षी, "रोज वाद होतो. प्रगती आहे." तिसऱ्या वर्षी, "निम्मे वळले. थंडीत दोघे येऊ. मात्र लाकडे दुसऱ्या खोलीत हलवावीत." माझ्या बायकोनं त्याच दिवशी मला माळ्यावर चढवलं. दोन्ही ओंडके गोठ्यावर नेऊन ठेवले. घर सारवलं, कोनाडा सारवला. मी तिला म्हटलं, सोयरीक जमवायची हाय का? ती म्हणाली, "व्हय. गावाची आन् बाईंची."

थंडीत कुणी आलं नाही. चैत्रात साहेब एकटे आले. मिठाची डबी नव्हती, छत्री नव्हती. ओसरीवर बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "ती गेली. फाल्गुनात. तीन दिवस ताप आला, तेवढाच."

बायको आत जाऊन रडून आली. चहा केला. ते बराच वेळ गोठ्याकडं बघत होते. बायकोनं ओळखलं. म्हणाली, "हायेत अजून. दोनी." ते म्हणाले, "असू द्या. वाडीत कुणाला लागतील त्याला द्या. आमच्या दोघांकडून." मग म्हाताऱ्याला भेटून म्हणाले, आंब्याखालच्या तुकड्याचं आता बोलणं सोडून द्या, तुमचं तुम्ही पेरा.

मला राहवलं नाही. माझं तोंड ते माझं तोंड. मी म्हटलं, "सायेब, बाई गेल्या, वाईट झालं. पन आता तरी या की ऱ्हायाला. मुंबईत येकलं काय करनार? आता अडवनारं कोन हाय?"

"अवो!" बायको चुलीपासून ओरडली.

साहेब चिडले नाहीत. कचेरीत एखाद्याला नियम समजावून सांगावा तसे म्हणाले, "मालक, ती असती तर भांडलो असतो. निम्मं मन वळलं होतं, उरलेलं निम्मं वळवलं असतं. एखाद्या दिवशी वैतागून म्हणाली असती, चला बाई, एकदाचे चला. आता ती 'नको' म्हणतच गेली. आता मी कुणाशी भांडू?"

मी त्यांना फाट्यावर सोडून आलो आणि बायकोला म्हटलं, "खुळाच हाय. गेलेल्या मानसाला भितोय." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नुसतं म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं."

त्यानंतर साहेब आले नाहीत. एक-दोन कार्डं आली, मग तीही बंद झाली. ते कुठं वारले, त्यांना लाकूड कुणी दिलं, मला माहीत नाही. त्यांचे दोन्ही ओंडके आप्पाच्या सरणावर गेले. बायकोनं स्वतः नेऊन दिले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, हे सायबांचे आणि बाईंचे.

आमच्या घरावर अजून कौलं आहेत. माकडं फोडतात, जागोजाग गळतं. थोरला मुलगा पुण्याकडं नांद्याला असतो. तो मागं लागला होता की पत्रा टाकू. मीही म्हणत होतो, टाकू. बायको नको म्हणायची. "पत्र्यावर पाऊस वाजला की मानूस काय बोलतंय ते ऐकू येत न्हाई." यावरून आमचं दोन वर्षं भांडण चाललं होतं, आणि मला वाटतं ती थोडी नरम पडत आली होती. एकदा म्हणाली होती, निदान सैपाकघरावर तरी नको.

परवा थोरला पत्र्यांचं माप घ्यायला माणूस घेऊन आला. घरात मी एकटा. बोलणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही. मी त्या माणसाला चहा दिला आणि माप न घेता परत पाठवला.